उताऱ्याचं अंडं आणि सणाचं अंडं

अंड्याचा वास मला सोसत नाही. आता वय झालं, नाकाला बाकी काही कळत नाही. घरात रॉकेल सांडलं तरी सून ओरडल्यावर कळतं. पण तीन घरं सोडून कुणी अंडं उकडलं की मला बसल्या जागी कळतं. जुन्या विहिरीचा गाळ काढताना जो वास सुटतो, त्यात ओली कोंबडी बुडवली की जे होईल, ते. लोक आवडीनं खातात. खावं. मी कुणाच्या ताटाला नावं ठेवत नाही, तोंड फिरवून बसतो.

आणि तरी मी या हातांनी पुष्कळ अंडी सोललेली आहेत. ते कसं झालं तेवढं लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीपर्यंत. त्यातलं एक वर्ष निजामाच्या उर्दूत गेलं. तेव्हा अक्षराकडं बघू नका, मजकुराकडं बघा.

आमचं गाव परभणीकडच्या बोरीपासून चालत तासाभराचं. घरात वडिलांपासून मांसमच्छी बंद. वडिलांनी कुठल्याशा साधूला तसा शब्द दिला होता. वडील गेले, साधू गेला, शब्द राहिला. तो मी जिद्दीनं पाळला. शेजारी कोंबडी शिजली तर माय आमच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडायची, आणि मला त्याचा गर्व वाटायचा.

मात्र एक अंडं आमच्या घरात चालायचं. उताऱ्याचं. कुणी अंथरूण धरलं, औषधानं उतार पडेना, मायला वाटलं की हे बाहेरचं काही लागलेलं आहे, की ती शेजारणीकडून एक अंडं मागून आणायची. त्याला कुंकू फासायचं, वर काजळाचं बोट लावायचं, पळसाच्या पानावर दहीभात घालून त्यावर ते ठेवायचं. दुखणाईताच्या डोक्यावरून उतरायचं आणि दिवस बुडायच्या आत गावाबाहेर तीन वाटा मिळतात तिथं नेऊन ठेवायचं. मागं वळून बघायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. "अंडं म्हंजे जीव," माय म्हणायची, "जिवाच्या बदल्यात जीव दिला की ते सोडून जातंय." त्या पानावर ज्याचा पाय पडेल त्याच्या मागं ते दुखणं लागतं, हे आमच्याकडं रांगत्या लेकरालाही ठाऊक.

ही गोष्ट दुष्काळाच्या सालची. विहीर इतकी तळाला गेली होती की आत मेलेलं कासव दिसायचं. आम्ही दोघं नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. खायला मिलोची, म्हणजे सरकारनं परदेशातून आणलेल्या लाल ज्वारीची भाकर आणि कामावर मिळायची ती सुकडी, गोडसर पिठाची भुकटी. घरची माझी तेव्हा ओली बाळंतीण, लेक तीन महिन्यांची. लेकीला बाभळीच्या झोळीत टाकायची आणि हातोडा धरायची. मी तिला घरी बस म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते मला अजून सांगता येत नाही, आणि आता सांगून उपयोग काय.

एक दिवस ती खडीच्या ढिगावर आडवी झाली. नखं पांढरी. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत चुना लावल्यासारखं. मायनं बघितलं आणि म्हणाली, "बाहेरचं हाय." ओळीनं तीन शनिवार उतारा केला. तिन्ही वेळा अंडं मीच नेलं. पहिल्या खेपेला मी खाली मान घालून नेलं, खाली मान घालून आलो. दुसऱ्या खेपेला मागं काहीतरी कुरकुरल्याचं ऐकू आलं, पण वळलो नाही. तिसऱ्या खेपेला तिथलं कुत्रं आधीच येऊन बसलं होतं. शेपूट हलवायलं. माझी ओळख धरली होती त्यानं.

चौथ्या शनिवारी ती उठून बसेना, छातीला दूध उरलं नाही, लेक रडून रडून निळी व्हायली. तेव्हा मी मायला न विचारता दोघींना एस्टीत घातलं आणि परभणीच्या पुढं एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. तो दवाखाना आता नाही.

डॉक्टरीणबाई वयस्कर होती. तिनं बायकोचा तळवा दाबून बघितला, जीभ बघितली, आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "रक्त नाही अंगात. आम्ही सुईतून देऊ तेवढं देऊ, पण पोटातून गेलं पाहिजे. रोज दोन अंडी, दूध, पालेभाजी. असंच उपाशी राहिली तर महिना निघणार नाही."

"पालेभाजी कुठली आणू या उन्हात?" मी म्हटलं. "आणि अंडं आमच्यात चालत न्हाई."

"दूध पावडरचं आम्ही देतो. अंडं पण आम्ही देतो. चालवून घ्या."

"न्हाई चालत."

तिनं कागदावर काहीतरी खरडलं आणि आत गेली. मला वाटलं मी जिंकलो.

त्या दवाखान्यातलं मला काहीच गोड लागलं नाही. फिनेलचा वास, त्यात भिंतीकडंला थुंकलेल्या पानाचा वास, त्यात बाहेर अंगणात नातेवाईक तीन दगडांवर रांधायचे त्याचा धूर. आणि रोज सकाळी अंड्यांची परात यायची. ती खाटाखाटांवरून फिरली की मी धोतराचा सोगा नाकाला लावून कडुनिंबाखाली जाऊन बसायचो. आमच्या खाटेपाशी परात यायची आणि तशीच पुढं जायची. बायकोच्या एका हातात सुई टोचून वर बाटली टांगलेली. ती परातीकडं बघायची नाही, छताकडं बघायची. मला तेव्हा वाटायचं, बाई घराण्याची इज्जत राखायली.

परात आणणारी सिस्टर आपल्याच भागातली, मराठवाड्याच्या मातीची. पन्नाशीची, पायात रबराची चप्पल, बोलणं आमच्यासारखंच. मला 'भाऊ' म्हणायची आणि त्या भावातच दोन रट्टे घालायची.

"भाऊ, तुमी अंडं खाऊ नका. तुमाला कुठं रक्त पाहिजे? तुमच्या अंगात नुसती मिजास हाय."

शेजारच्या खाटेवर पेडगावची एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. तिला हसायला एवढंच पुरायचं. मी ऐकलंच नाही असं केलं की सिस्टर म्हणायची, "वेड पांघरून पेडगावला जाऊ नका भाऊ, पेडगाव हितंच शेजारच्या खाटंवर हाय." म्हातारी मोडक्या मांडीसकट हलायची.

त्या सिस्टरची आणखी एक गोष्ट मला किळसवाणी वाटायची. नातेवाईकांचं रांधणं झालं की ती अंगणात फिरायची आणि चुलीपाशी पडलेली कांद्याची टरफलं वेचायची. लाल कांद्याची वरची वाळकी पापुद्री. राखेतली, खरकट्यातली, कुणाच्या पायाखाली आलेली. सगळी एका पिशवीत भरायची. पांढऱ्या कपड्यातली बाई उकिरडा वेचते. मी म्हातारीला म्हटलं, "ही अशी, आणि हिच्या हातचं आपल्या माणसांनी खायचं!" म्हातारी म्हणाली, "बाबा, मला मांडी जोडून पाहिजे. तिनं शेण वेचलं तरी चालंल."

हनुमान जयंतीचा नारळ फुटून आठवडा झाला नव्हता. रविवार होता. उजाडताच मिशनच्या देवळाची घंटा वाजायला लागली आणि गाण्याचा आवाज आला. मी हौदावर तोंड धुवून, खांद्यावर ओला पंचा टाकून आत आलो. आणि दारातच थांबलो.

प्रत्येक खाटेच्या उशाला एकेक अंडं ठेवलेलं. लालभडक, कुंकू फासल्यासारखं. खाली पळसाचं पान, बाजूला कडुनिंबाची डहाळी. माझ्या बायकोच्या उशालाही. तिच्या डोक्यात आणि अंड्यात वीतभर अंतर नाही. ती झोपलेली, लेक कुशीत.

मला दुसरं काय सुचणार? रात्रीत कुणीतरी उतारा करून गेलं. आपल्या माणसाचं दुखणं उतरवलं आणि आमच्या माणसांच्या उशाला ठेवलं! मी असा ओरडलो की गाणं म्हणणारे थबकले असतील. "उठा! कुणी करणी केली रे! हात लावू नका, पाय लावू नका!" झालं, सगळ्या खोलीत कल्ला. पोट फाडलेला एक गडी टाके विसरून खाटेवरून उतरला. कुणाची तरी सासू देव देव करत दारातून बाहेर पळाली. पेडगावच्या म्हातारीला पळता येईना, ती आपल्या उशाच्या अंड्याकडं डोळे वटारून "जा गं बया, जा गं बया" म्हणायली. मी पंचा हाताला गुंडाळला, बायकोच्या उशाचं अंडं उचललं आणि खिडकीतून कुंपणाच्या भिंतीवर जोरानं मारलं.

उताऱ्याचं अंडं कच्चं असतं. फुटलं की पसरतं. हे भिंतीवर आपटलं, टण्णदिशी उडालं आणि घरंगळत कडुनिंबाच्या बुडाला गेलं. तिथं त्याचं कवच निखळलं आणि आतून पांढरंशुभ्र, गोल, शिजलेलं बाहेर आलं. एक कावळा आला आणि त्यानं ते चोचीत धरून नेलं. उताऱ्याला उकडून कोण ठेवतं?

तोवर सिस्टर धावत आली. हातात गाण्याचं पुस्तक तसंच. सगळं बघितलं आणि ती दाराला टेकून हसायला लागली. मग हसायची थांबली आणि चिडली.

"माझा सण नासवला की वो भाऊ तुमी!"

"सण? असलं अंडं उशाला ठेवायचा कुठला सण?"

"आज आमचा येशू कबरीतनं उठला त्याचा सण. ईस्टर म्हणतेत." तिनं त्या टाके घातलेल्या गड्याला आधी खाटेवर निजवलं, सासूला आत आणलं, आणि मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "कुंकू न्हाई ते. कांद्याच्या टरफलांत उकडलंय. म्हणून लाल. महिनाभर पिशवी भरायले ती कशाला, तुमच्या अंगाऱ्या-धुपाऱ्याला?"

मी म्हटलं, "कांदा ठीक. पण अंडंच का? साखर वाटा, पेढा वाटा. तुमच्या देवानं सांगितलं का अंडं वाटा म्हणून?"

"देवानं न्हाई सांगितलं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही, एवढं मी तिचं मानतो. "त्याच्या पुस्तकात अंड्याचं अक्षर न्हाई. ही लोकांनी पाडलेली रीत. माझ्या आजीला जुन्या मडमेनं सांगितलं, आजीनं मला. तिकडं परमुलखात जुन्या काळात सणाच्या आधी चाळीस दिवस उपास धरायचे. येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला म्हणून. उपासाला मांस न्हाई, दूध न्हाई, अंडंबी न्हाई."

"अंडंबी न्हाई?" पेडगावची म्हातारी म्हणाली. "मग आमच्यासारखेच की."

"तसेच. पण आज्जी, कोंबडीला कुठं उपास ठावा? ती आपली घालतच राहती. चाळीस दिवसांची टोपलीभर अंडी साठली. टाकून द्यावी तर जीव तुटतो, ठेवावी तर नासतेत. मग उकडून ठेवायची आणि उपास सुटला की सगळ्यांनी मिळून खायची. गरिबालाबी वाटायची. रंग दिला लाल, त्याच्या रक्ताचा. आणि कवच म्हंजे ती दगडाची कबर. फुटलं की आतून जीव बाहेर. कुणी म्हणतेत त्याच्याबी आधीपासून उन्हाळ्याच्या तोंडाला लोक अंडी रंगवायचे. खरं काय कुणाला ठावं. रीत म्हातारी हाय एवढं खरं."

मला ते ऐकून आणखीच शिसारी आली. रक्त काय, कबर काय, आणि ते तोंडात घालायचं! मी म्हटलं, "आमच्यात अंडं म्हंजे जीव. जिवाच्या बदल्यात जीव द्यायचा म्हणून वाहतेत. खात न्हाईत."

"आमच्यातबी तेच म्हणतेत, जिवाच्या बदल्यात जीव," सिस्टर म्हणाली. "पण दिलेला जीव माणसाच्या पोटात जातो. तुमचा कुठं जातो?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी दुसराच आवाज आला. माझी बायको. दवाखान्यात आल्यापासून ती चार शब्दांवर पाचवा बोलली नव्हती.

"कुत्र्याच्या," ती म्हणाली.

सिस्टर वळली. "काय म्हणालीस बाई?"

"सासूबाईनं तीन शनिवार उतारा केला. तीन अंडी ह्यांनी नेऊन ठेवली." ती अजून छताकडंच बघत होती. आवाज बारीक, पण त्यात रडणं नव्हतं. "तिवाट्यावरच्या कुत्र्याला माझ्यापरीस जास्ती अंडी मिळाली."

पेडगावची म्हातारी हसली नाही. मी खाली बघितलं तर माझ्या पंच्यावर लाल डाग पडला होता.

आता खरं लिहितो. त्या क्षणी मला जी किळस आली ती अंड्याची नव्हती. मला ते कुत्रं आठवलं, त्याची शेपूट, माझ्या हातातल्या पानावर लागलेली त्याची नजर. दुष्काळात गावच्या माणसांची हाडं दिसायला लागली होती आणि ते कुत्रं गुबगुबीत होतं. मीच पोसलेलं. ज्या हाताला मी पवित्र म्हणत होतो तो हात घरातला घास उचलून तिथं वाढून येत होता, आणि घरात मागं ही माझी बाई पांढरी पडत होती. फेकायला चालतं आणि खायला बाटतं, हा कुठला धरम? मी धरम म्हणत होतो त्याला. होती नुसती अकड.

सिस्टरनं जाऊन नुकत्या उकडलेल्या अंड्यांची परात आणली. परातीतलं दुसरं लाल अंडं उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. पंचा नव्हता मध्ये. गरम होतं.

"सोलून द्या. तिच्या हातात सुई हाय. मला तीस खाटा हायत."

"तुमी सोला," मी म्हटलं.

"मी न्हाई सोलणार. पाहिजे तर तेबी भिंतीवर मारा."

आणि ती गेली. बाई माझ्यापेक्षा हट्टी निघाली, हेही लिहून ठेवतो.

मी खाटेच्या कडेला बसलो. अंडं खाटेच्या लोखंडावर ठोकलं. तडा गेला आणि तो वास आला. मी श्वास धरला. कवचाखाली एक पातळ पडदा असतो, ओल्या कातडीसारखा. तो बोटाला चिकटतो, झटकला तर दुसऱ्या बोटाला चिकटतो. तसाच सोलत गेलो. कवचाचा एक कपचा नखात घुसला. आतलं पांढरं थुलथुल हातात आलं तेव्हा मी ते हातभर लांब धरलं. म्हातारी तिच्या खाटेवरून म्हणाली, "मीठ लाव बाबा, मीठ. कोरडं कसं खाईल?" आणि तिनं आपल्या गाठोड्यातून पुडी फेकली.

मीठ लावून मी बायकोच्या तोंडापाशी नेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओठ उघडले. पहिला घास चावताना आतला पिवळा भुगा माझ्या बोटांवर सांडला, आणि भुग्याच्या भोवती ती हिरवट कड असते ती दिसली. तिनं हळूहळू सगळं खाल्लं. शेवटी माझ्या बोटावरचा पिवळा भुगाही ओठानं टिपून घेतला. मी उठलो, कडुनिंबापाशी गेलो आणि पोटात होतं नव्हतं ते ओकलो. तोंड धुतलं. परत आलो.

"अजून एक हाय का?" ती म्हणाली.

पुढं वीस दिवस राहिलो. रोजची दोन. प्रत्येक वेळी श्वास धरून सोलली. ओकायचं चौथ्या दिवशी थांबलं, किळस थांबली नाही. दोन हप्त्यांनी तिच्या पापणीच्या आत गुलाबी दिसायला लागलं. लेकीला दूध मिळायला लागलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "चालवून घेतलंत तर." मी पुढचं अंडं सोलायला घेतलं.

घरी आलो तर माय दारातच पान वाढून उभी. दवाखान्यातून माणूस आलं की मागं काही लागून येतं म्हणून आधी उतारा, मग उंबरा. दहीभात, वर कुंकू फासलेलं अंडं. बायकोच्या डोक्यावरून उतरलं आणि पान माझ्या हातात दिलं. "जा. मागं बघू नको."

मी तिवाट्याच्या बाजूला चार पावलं टाकली आणि थांबलो. लांबून ते कुत्रं उठून उभं राहिलेलं दिसलं. मी मागं वळलो.

"आरं, मागं वळू नये!" माय ओरडली.

मी घरात शिरलो. चुलीवर पाणी ठेवलं आणि ते अंडं त्यात सोडलं.

"बाटवलंस घर," माय म्हणाली. "बापाचा शब्द बुडवलास."

"बापानं न खायचा शब्द दिला होता, तो मी पाळतो," मी म्हटलं. "मी खात न्हाई. हिनं कुणालाच शब्द दिला न्हाई."

मायनं त्या दिवसापासून आपली चूल वेगळी मांडली, आणि शेवटपर्यंत आमच्या भांड्यातलं खाल्लं नाही. तीही माझीच माय. हट्ट कुठून आला ते सांगायला नको.

अंडं शिजत होतं. त्याच्यावरचं कुंकू सुटून पाणी लाल झालं, पण अंडं पांढरंच्या पांढरं राहिलं, काजळाचं बोट तेवढं वर. खोलीभर वास. मी नाक धरून बाहेर निघालो, तर बायको लेकीला मांडीवर घेऊन भांड्यात डोकावली.

"रंग न्हाई चढला," ती म्हणाली. "कांद्याची टरफलं टाकायची व्हती."